साबणकाका आणि दादाची टर्बो

साबणकाकांना हे नाव टॅक्सीवाल्यांनी दिलं होतं. गाड्यांना गॅसचं किट बसवणं हा त्यांचा धंदा. काम झालं की ते दाढीच्या ब्रशने प्रत्येक जोडाला साबणाचा फेस फासायचे आणि बुडबुडा येतो का बघत बसायचे. बुडबुडा आला तर गळती आहे हे नक्की. नाही आला तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही, ते पुन्हा फासायचे. "काका, आंघोळ उरकली असेल तर गाडी द्या आता," असं गिऱ्हाईक म्हणायचं, तेव्हा कुठे ते ब्रश खाली ठेवायचे.

गोदामांच्या रांगेत अगदी शेवटी त्यांचं गॅरेज होतं. पत्र्याचं छप्पर, मधोमध खड्डा, भिंतीला टेकून उभ्या केलेल्या टाक्या. तिथे टॅक्स्या यायच्या, माल पोचवणाऱ्या व्हॅन यायच्या, शिकाऊंनी ठोकून ठोकून चेपलेली ड्रायव्हिंग स्कूलची गाडी यायची. सगळ्या आपल्या गरीब गाई. वेगाशी काकांचा कधी संबंध आला नव्हता आणि आला नाही याचं त्यांना दुःखही नव्हतं. ते स्वतः स्कूटरवर फिरायचे, तीही रस्त्याच्या कडेकडेने.

त्यांचा थोरला भाऊ, दादा, तर त्यांच्यापेक्षा भित्रा. नोकरीच तशी होती, लिफ्ट तपासायची. आयुष्यभर दोर, ब्रेक आणि दारं तपासता तपासता त्याचा कशावरच विश्वास उरला नव्हता. घरात कुणी बल्ब बदलायला स्टुलावर चढलं तर दादा खाली दोन्ही हातांनी स्टूल धरून उभा राहायचा. आणि हाच दादा निवृत्त झाल्यावर एके दिवशी लालभडक, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी टर्बो गाडी घेऊन घरी आला. गाडी जुनी होती, पण जोर असा की पायाने नुसतं विचारलं तरी ती उत्तर द्यायची.

वहिनींनी काकांना फोन केला. "भावजी, तुम्ही काही बोललात का यांना?"

"मी? मला तर वाटलं तुम्हीच..."

"मी कशाला सांगू? त्या गाडीतून उतरायचं म्हणजे कुणीतरी हात धरून ओढायला लागतं."

कुणालाच काही कळेना. दादाला विचारलं तर तो म्हणायचा, "चांगली मिळाली, घेतली." जणू भाजीच घेतली होती.

त्याहून मोठं कोडं पुढेच होतं. काही महिन्यांनी दादा गाडी घेऊन गॅरेजमध्ये आला, उतरला, पाठ सरळ केली आणि म्हणाला, "हिला गॅस बसव."

काका हातातला पाना तसाच धरून उभे राहिले. "दादा, ही टर्बो आहे."

"माहीत आहे."

"वाघ पाळायचा आणि त्याला गवत घालायचं, असं झालं हे."

"तुला जमत नसेल तर दुसऱ्याकडे नेतो."

बाण वर्मी लागला. जमत नाही हा शब्द काकांना सहन व्हायचा नाही. पण गॅस कशाला, हे त्यांना काही केल्या समजेना. पेट्रोलचा खर्च म्हणावा तर गाडी आठवड्याला एकदा बाहेर पडायची. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "अहो, तुमच्या दादांच्या डोक्यात काय चाललंय हे त्यांना तरी ठाऊक आहे का?" हेही काकांना पटलं.

त्यांनी काम हाती घेतलं. मागे स्पेअर चाकाच्या जागी बसणारी गोल, चपटी टाकी बसवली, नळ्या टाकल्या, इंजिनपाशी रेड्युसर लावला. रेड्युसर म्हणजे टाकीतून द्रवरूपात येणाऱ्या गॅसची इंजिनच्या गरम पाण्यावर वाफ करणारा डबा. त्यांनी बसवला तो नेहमीचा, टॅक्सीला पुरणारा. गाडी रस्त्यावर काढली. सावकाश चालवली तर शहाण्यासारखी चालली. पाय दाबला, टर्बोची शीळ आली, आणि गाडीला उचकी लागली. दोन गचके, आणि ती आपोआप पेट्रोलवर गेली.

काका गोंधळले. जोड तपासले, वायरी तपासल्या, पुन्हा निघाले. पुन्हा उचकी. परत येऊन झाकण उघडलं तर काय, तापलेल्या इंजिनाच्या शेजारी रेड्युसरवर बर्फाचा पांढरा थर! हात लावल्यावर चटका बसायला हवा, तर हाताला गारठा लागला. भर उन्हात काका त्या बर्फाकडे बघत राहिले. गाडी वेडी की आपण?

विचार करता करता गाठ सुटली. टर्बो हवा रेटून भरतो, म्हणून गॅसही तितकाच लागतो. इतक्या गॅसची वाफ करायला बिचारा टॅक्सीचा डबा पुरा पडत नव्हता, म्हणून गारठत होता. काकांनी मोठा रेड्युसर आणला, मोठे इंजेक्टर आणले, गरम पाण्याच्या नळ्या जाड केल्या, स्पार्क प्लगच्या फटी कमी केल्या. टॅक्सीवाले बाहेर ताटकळत राहिले. जेवताना काका मध्येच घास थांबवून "दाब!" म्हणायचे आणि घास अडकला समजून बायको पाण्याचा तांब्या पुढे करायची.

अखेर एके दुपारी गाडी गॅसवर अशी सुटली की काकांची पाठ सीटला चिकटली. दम जराही कमी नव्हता. जन्मात पहिल्यांदा ते वेगात मोठ्याने हसले, आणि मग आपण का हसलो हेच त्यांना कळेना.

दादाला बोलावून शेजारी बसवलं. "बघ आता." पाय दाबला.

दादाने डोळे मिटले आणि दाराची मूठ धरली. गाडी थांबली तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता.

"काय झालं? आवडली नाही?"

"तशीच धावते रे."

"तशीच! अगदी तशीच!"

"अरे," दादा हळूच म्हणाला, "गॅसवर गाडीचा दम जातो म्हणतात ना? म्हणून तर तुझ्याकडे आणली."

काकांनी इंजिन बंद केलं.

"मला हिची भीती वाटते," दादा म्हणाला. "विकायची म्हटलं तर तुझी वहिनी म्हणेल, घेतलीत कशाला? आणि कशाला घेतली ते मलाही सांगता येत नाही. जुन्या गाड्यांच्या शोरूमच्या बाहेर उभी होती. वाटलं, एवढी वर्षं आपण फक्त थांबवायची यंत्रं तपासली."

काकांना हसावं की रडावं ते कळेना. दिवसरात्र घासून जो दम राखला, तोच नको होता! पण शेवटी तो दादा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी टर्बोचा जोर ठरवणाऱ्या व्हॉल्व्हची वायर गॅस-पेट्रोल बदलायच्या बटणाला अशी जोडली की गॅसवर गाडी मवाळ चालेल. पेट्रोलवरचा जोर होता तसाच राहिला. तो कमी करायला त्यांचा हात धजला नाही. दादा आनंदाने गाडी घेऊन गेला, म्हातारीला देवळातून आणावं तशी हळू.

पंधरवड्यानंतर वहिनी एकट्याच गॅरेजमध्ये आल्या. गाडी त्यांनीच चालवत आणली होती आणि उतरल्याही कुणाच्या हाताशिवाय.

"भावजी, हे बटण पेट्रोलवर केलं की गाडीला काय होतं हो?"

काकांनी ब्रश खाली ठेवला. "का? काही झालं का?"

"झालं म्हणजे काय! कसली पळते! हे झोपले की दुपारी मी बाहेरच्या रस्त्यावर एक फेरी मारून येते." त्या जरा लाजल्या. "यांना सांगू नका. घाबरतील."

काकांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे त्यांनाच ठरवता आलं नाही.

पुढच्या महिन्यात दादा आला. "पेट्रोल फार उडतंय रे. मी तर गॅसवरच चालवतो."

"सुरू ती पेट्रोलवरच होते, दादा. गरम झाली की मग गॅसवर जाते," काका म्हणाले. हे खरंच होतं, फक्त सगळं नव्हतं.

"हं, तुझी वहिनीही हेच म्हणाली." दादा घुटमळला. "हल्ली ती फार खुशीत असते. स्वयंपाक करताना शीळ घालते. तुला काही कल्पना आहे का?"

"मला कशी असणार?" काका म्हणाले आणि खड्ड्यात उतरले. तिथे एका टॅक्सीची टाकी बसवायची राहिली होती.