दाजींनी पाडलेला गुलमोहर

अक्काचा फोन आला तेव्हा मी जालन्याला ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होतो. "ये," एवढंच ती म्हणाली. मागे बायकांचे आवाज येत होते, कोणीतरी दार ओढून घेतल्याचा आवाज झाला... दाजी गेले, हे मला त्यातच कळलं. डबा तसाच झाकला आणि परतूरची गाडी धरली. त्याला आता महिना उलटून गेला. दाजींबद्दल लिहायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करावी कळत नाही, कारण आयुष्यभर कसलाच निर्णय घेता आला नाही असं आम्ही ज्यांना समजत होतो, त्यांनी अखेरीला जो एक निर्णय घेतला तोच मला राहून राहून आठवतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मनोहरराव. तहसील कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले. घराला कोणता रंग द्यावा या विचारात त्यांच्या कितीतरी दिवाळ्या निघून गेल्या आणि शेवटी पुन्हा चुनाच लागला. चप्पल घ्यायला जायचे, पायात घालून दुकानात चार चकरा मारायचे आणि "उद्या येतो" म्हणून जुन्याच चपलेत घरी यायचे. अक्का चिडायची. पण चिडता चिडता त्या सावकाशपणाचीच तिला सवय झाली होती.

अशा माणसानं गेल्या माघात एका सकाळी चहा पिता पिता सांगितलं, "मागचा गुलमोहर काढून टाकायचा."

तो गुलमोहर घर बांधलं त्या वर्षी अक्कानं लावलेला. मागच्या खोलीच्या पत्र्यावर त्याची सावली असायची, म्हणून परतूरच्या उन्हाळ्यात तेवढीच एक खोली बसण्यासारखी. पण काही वर्षांपासून झाड घराकडे कलत चाललं होतं, बुंध्याला वाळवी लागली होती. काढावं की छाटावं, यावर दाजींचा विचार अर्थातच चालू होता.

तो अचानक का संपला, हे मला ठाऊक होतं. थोड्याच दिवसांपूर्वी मी त्यांना संभाजीनगरला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो होतो. पोटात गाठ होती आणि ती फार पुढे गेलेली होती. येताना दाजी गाडीत खिडकीशी बसून होते. वाटूर फाटा आला तेव्हा म्हणाले, "तुझ्या अक्काला एवढ्यात सांगू नको. मीच सांगतो. आधी एक काम उरकू दे." मला वाटलं, पेन्शनचं काहीतरी असेल.

त्या दिवसांत मी रजा टाकून परतूरलाच होतो. झाड पाडायला आधी एक जण आला. लाकडाच्या बदल्यात फुकट पाडतो म्हणाला, बुंध्यापासून कापून अर्ध्या घंट्यात लोळवतो. दाजींनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग चौकशी करून वाटूरचा हरिभाऊ गाठला. घरची शेरडं-मेंढरं, लहानपण झाडावर चढून त्यांच्यासाठी डहाळे तोडण्यात गेलेलं. आता दोर, कमरेचा पट्टा आणि मशीनची करवत घेऊन गावोगाव हेच काम करतो. तोंडाचा फटकळ, स्वतःवर खूष. "ह्या भागात माझ्यासारखं झाड उतरवणारा दुसरा न्हाई, काका," हे त्यानं अंगणात पाऊल टाकतानाच सांगून टाकलं. मग कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मागच्या बोथट बाजूनं, बुंधा ठोकत झाडाभोवती फिरला.

"छाटून भागत न्हाई. आतून पार खाल्लंय. वरतून तुकड्या-तुकड्यानं दोरानं उतरवावं लागंल. खर्चा जास्ती येईल."

"येऊ द्या," दाजी म्हणाले. "फक्त पत्र्याला धक्का लागू देऊ नका. आन् अंगणातला तो आंबा बी बघून घ्या."

"आंब्याला आता बिलकुल हात लावायचा न्हाई, मोहर हाय. फळ उतरलं की वाळकं काढून देतो."

"मंग तवा हिच्याशी बोला," दाजी अक्काकडे बोट करून म्हणाले.

नगरपालिकेच्या परवानगीसाठी ते पोट धरून स्वतः गेले. मला येऊ दिलं नाही. अक्कानं तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं. ताट वाढायची आणि आत निघून जायची. मला म्हणाली, "तू तरी समजाव. ह्यांना असं काय झालंय रे?" मी दाजींना शब्द दिलेला होता.

झाड उतरवायला सुरुवात झाली तेव्हा दाजी शाल गुंडाळून अंगणात खुर्चीवर बसले. अक्का स्वयंपाकघराचं दार लावून आत. दोराला बांधलेली एकेक फांदी हळूहळू खाली येत होती, वाळक्या शेंगा खुळखुळत होत्या. शेवटी बुंधा आडवा झाला तेव्हा हरिभाऊनं हाक मारली, "वहिनी, या, डोळ्यानं बघून घ्या, म्हंजे मला बोल लावायला नको."

अक्का आली. पोखरलेल्या बुंध्यात काळी भुसभुशीत माती भरलेली होती, कोपरापर्यंत हात गेला असता. तिनं ते क्षणभर पाहिलं. मग दाजींकडे वळली.

"तुम्हाला चप्पल घ्यायला महिना लागतो," ती म्हणाली. "हे एका चहात कसं ठरवलं?"

दाजींनी शाल अंगाभोवती ओढून घेतली.

"डॉक्टर काय म्हणले?"

हरिभाऊनं मशीन बंद केली आणि तो दोर गोळा करायच्या निमित्तानं लांब गेला.

"बस इथं," दाजी म्हणाले.

"उभी बरी हाय मी. सांगा."

"उन्हाळा निघला तर निघला, म्हणले." मग त्यांनी पत्र्याकडे हात केला. "उद्या वारं-वावधान सुटलं की तू एकटी ह्या घरात. आन् तुझ्या हातानं लावलेलं झाड तुझ्यानं तोडवलं नसतं. मंग म्हणलं, तेवढा वाईटपणा मीच घेऊन जावा..."

अक्का तिथंच भुशात, त्या बुंध्यावर बसली. रडली नाही. पदरानं दाजींच्या शालीवरचा भुसा झटकत राहिली, सगळा झटकून झाला तरी झटकत राहिली.

त्यानंतरचे दिवस दाजी मागच्या खोलीत कॉटवर होते. झाड गेल्यानं सकाळचं ऊन थेट त्यांच्या तोंडावर यायचं. "ऊन लागून राह्यलं गं," म्हणायचे. "तुम्हीच आणलंत, आता सोसा," असं म्हणत अक्कानं आपलं जुनं हिरवं पातळ खिडकीला बांधलं. त्याचा काठ दोन बोटांनी उचलून दाजी मागचा रस्ता बघत आणि बातम्या स्वयंपाकघरात पोचवत... दूधवाला आज पायी आला, पलीकडच्यांच्या शेळीनं पिल्लं दिली. एवढं बोलकं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. उन्हाळा मात्र निघाला नाही. वैशाखातच ते गेले.

तेरावा होऊन थोडे दिवस झाले आणि मोठं वादळ आलं. कोणाचे पत्रे उडाले, कोपऱ्यावरचं सुबाभूळ तारांवर पडलं. मी पहिली गाडी पकडून पोचलो तर अक्का अंगण झाडत होती. पत्रा शाबूत, भिंती शाबूत. हरिभाऊही फटफटीवर येऊन चौकशी करून गेला होता. मागच्या खोलीत गेलो. चादरी, उशा धुऊन घड्या घातलेल्या. खोली अंधारलेली वाटली, म्हणून पातळाची गाठ सोडायला हात लावला.

"ते राहू दे," अक्का मागून म्हणाली.

जवळ आली आणि तिनं काठ माझ्यापुढे धरला. कॉटवर पडल्या पडल्या हात पोचेल, बरोबर तेवढ्या उंचीवर, दोन बोटांएवढी जागा मळून काळसर झाली होती.

"बाकी समदं धुतलं," ती म्हणाली. "हे बी बादलीपर्यंत नेल्तं... मंग परत आणून बांधलं."