कॉम्प्युटरमधला धुरा

आज साकोलीच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर माझं लिनक्सचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा माझा वाटा, वाढवलं. जागा घ्यायची होती दादाच्या विंडोजकडून.

शाळेत असताना या कॉम्प्युटरसाठी आम्ही रोज भांडायचो. धानाची शेती करणारे बाबा एकदा वैतागून म्हणाले, "भांडता कायले? मधात धुरा टाका!" शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. तेव्हापासून डिस्क अर्धी-अर्धी.

आज बॅकअप घेतला आणि पुण्यात राहणाऱ्या दादाला व्हिडिओ कॉल लावून थोडी जागा मागितली.

"सगळी घे ना. मले काहून विचारून राहिली?"

"बाबा म्हणायचे ना, धुरा सरकवाचा तं दोघंही हजर पाहिजेत."

काम संपेपर्यंत तो बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "थोडी ठेवली ना माह्यासाठी?"

तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर अजून कोणाची जागा राखून ठेवली आहे?