आण्णा, बारक्या आणि माझ्या हातातला टॉवेल

शिलाईचं काम करणाऱ्या बाईच्या घरात चिंध्या आणि किस्से कधी साठतात ते कळतच नाही. मी शिवाजी पेठेत घरीच फुटबॉलच्या टीमच्या जर्स्या शिवते. जर्सी न्यायला आलेला माणूस मशीनशेजारच्या पिंजऱ्याकडं बघतो, "उंदीर हाय का ससा?" म्हणून विचारतो, आणि मग त्याला चहा पाजून सगळं सांगावं लागतं. आता सांगताना हसू येतं. तेव्हा मात्र माझी भीतीनं पाचावर धारण बसली होती!

*

आण्णा हा आमचा म्हातारा गिनीपिग. वय पाच वर्षं, वजन किलोभर. त्याचा जोडीदार तात्या दिवाळीनंतर गेला आणि आण्णानं गवताला तोंड लावायचं सोडलं. माझी लेक गौरी सातवीत आहे. ती त्याला सिरिंजनं पातळ खाणं भरवायची आणि विचारायची, "आई, ह्यो पण जाणार का गं?" मी पुढची सिरिंज भरून तिच्या हातात द्यायची.

जनावरांच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ह्याला औषध नको, सोबत हवी. एखादा लहान नर आणा. पण दोन नर म्हटल्यावर मोठा कोण हे ठरेपर्यंत धुसफूस होणार. गुरगुरतील, पाठलाग करतील, अंगावर चढतील. ते सगळं चालतं. रक्त निघालं तर मात्र कायमचं वेगळं करायचं."

बाकीचं सगळं मी विसरले. 'रक्त' तेवढं लक्षात राहिलं!

*

उचगावच्या एका पावण्याकडनं चार महिन्यांचा बारक्या आणला. देताना तो म्हणाला, "लई गरीब हाय बघा वैनी. ह्याचा आवाजसुदीक येत न्हाई."

घरी आणून आण्णासमोर सोडला. गरीब बारक्या कंबर हलवत, गुरगुरत थेट आण्णाच्या अंगावर!

गौरी म्हणाली, "आई, तुझा फोन व्हायब्रेट व्हतोय."

फोन माझ्या हातातच होता, आणि बंद होता. तेवढ्यात आण्णानं दात वाजवायला सुरुवात केली, आणि मी दोघांच्या मध्ये टॉवेल टाकला. पहिली भेट बारा सेकंदांत संपली.

*

समोरच्या घरातले वस्ताद त्या दिवसापासून रोज यायला लागले. सत्तरी ओलांडलेली, कुस्तीत मोडलेले कान, आयुष्य तालमीत पोरं घडवण्यात गेलेलं. पंच म्हणून त्यांची एक ख्याती होती. त्यांनी एकही कुस्ती बरोबरीत सोडवली नव्हती. लोक कंटाळून गाड्या काढायला लागले तरी वस्ताद म्हणायचे, "निकाल लागल्याबिगार कुणी हलायचं न्हाई!"

स्टुलावर बसून ते माझ्या पिंजऱ्याकडं बघायचे. "पोरी, ही भांडणं न्हवंत. ही सलामी हाय. हात मिळवाय लागल्यात."

"वस्ताद, दात दाखवाय लागलाय त्यो!"

"मग काय, हसू पण नको व्हय त्यानं?"

मला काही ते पटेना. जरा गुरगुर ऐकू आली की मी मशीनवरनं उठायची आणि टॉवेल टाकून दोघांना वेगळं करायची. त्या आठवड्यात एका गोलकीपरची जर्सी मी दोन डाव्या बाह्यांची शिवली.

आठव्या दिवशी मॅडमना फोन लावला. त्यांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा वेगळं करता?"

"दहा-बारा वेळा."

"म्हणजे रोज दहा-बारा वेळा त्यांची पहिली भेट लावता! अहो, काय ते एकदा ठरू तर द्या!"

ते दोघं मिटवायला बघत होते आणि मीच मिटू देत नव्हते. फोन ठेवल्यावर मला फार वाईट वाटलं.

*

मॅडमनी नियम दिले. भेट दोघांनाही नव्या जागेत. सगळं दोन-दोन, ताटल्या दोन, बाटल्या दोन. खोकीही दोन, आणि प्रत्येक खोक्याला दारं दोन, म्हणजे कुणी आत कोंडला जाणार नाही. गौरीनं बुटांची खोकी कापली, मी कटिंगच्या टेबलाखाली धुतलेली चादर अंथरली. वस्तादांना तोंडातनं आवाज काढायचा नाही अशी सक्त ताकीद दिली.

दोघं नाकाला नाक लावून उभे राहिले. माना वर, अंगावरचे केस उभे. ज्याची मान जास्त वर तो मोठा, असा त्यांचा हिशोब असतो म्हणे. दोघंही खाली घेईनात. गौरीची नखं माझ्या दंडात रुतली होती.

वस्तादांनी तोंडातनं खरंच आवाज काढला नाही. पण पन्नास-साठ वर्षांची सवय! हात वर गेला आणि स्वतःच्या मांडीवर खाडकन शड्डू ठोकला!

दोन्ही जनावरं हवेत उडाली आणि दिसेनाशी झाली.

एक खोकं रिकामं होतं. दुसऱ्यात काही हालचाल नाही. गौरी रडकुंडीला आली. "आजोबा, त्यांचं हार्ट बंद पडलं असंल!" वस्तादांचा चेहरा पांढराफटक पडला. मी पालथी पडून आत बघितलं. आत चार डोळे होते. दोघं अंगाला अंग चिकटवून थरथरत होते.

"जित्ती हायत न्हवं?" वस्तादांनी विचारलं.

"हायत."

"दोघंबी एकाच खोक्यात?"

"व्हय."

वस्तादांनी टोपीनं घाम पुसला. "मग माझी ही पद्धत तुज्या मॅडमला वहीत लिवून ठेवाय सांग!"

*

त्या रात्रीपासनं दोघं एकाच पिंजऱ्यात होते. दोन दिवसांनी सकाळी पिंजरा उघडला तर बारक्याचं पोट लालभडक! गौरी मटकन खाली बसली. "आता ह्यास्नी वेगळं करणार. आण्णा परत एकटा ऱ्हाणार." मी बारक्याला टॉवेलात गुंडाळला, गौरीनं आण्णाला घेतलं, आणि रिक्षानं दवाखाना गाठला. वाटेत मी एकदाही टॉवेल उघडून बघितला नाही. धीरच झाला नाही.

मॅडमनी ओला कापूस फिरवला, वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. "पिंजऱ्यात काय अंथरलंय?"

"लाल जर्सीची चिंधी. पाण्याची बाटली जरा गळते."

"रक्त नाही हे. तुमचा कापडवाला बदला!"

मी हसणार तेवढ्यात त्यांनी आण्णाला काट्यावर ठेवलं. काटा बघून त्यांनी पुन्हा एकदा वजन केलं. मग म्हणाल्या, "वजन उतरलंय. हा अजून आपणहून खात नाही. रविवारपर्यंत वाट बघा. नाहीच खाल्लं तर बारक्याला परत पाठवा. म्हाताऱ्या जिवाला एवढा ताण झेपणार नाही."

येताना रिक्षात गौरीनं आण्णाला छातीशी धरून ठेवलं.

*

रविवारी दुपारी टेबलाखाली पुन्हा चादर अंथरली. बारक्याला परत न्यायची पिशवी दाराशी तयार होती. वस्ताद स्टुलावर होते. मी टॉवेल मांडीखाली घेऊन त्यावर बसले, म्हणजे हात जाणार नाही.

बारक्यानं दोन फेऱ्या पाठलाग केला. तिसऱ्या फेरीला आण्णा थांबला आणि वळला. पुन्हा नाकाला नाक, पुन्हा माना वर. आण्णाचे दात वाजत होते. घाबरून गौरीनं हातातली कोथिंबीर मध्ये टाकली. सगळं दोन-दोन द्यायचं हा नियम ती विसरली. काडी एकच पडली!

बारक्यानं एक टोक धरलं. आण्णानं दुसरं.

आता रक्त निघणार, असं वाटून मी डोळे मिटले. दात वाजायचे थांबले. कुरुमकुरुम आवाज आला, तसे उघडले. काडी दोन्हीकडनं कमी होत होती. वस्ताद स्टुलावरनं उतरून गुडघ्यावर आले. काडी बोटभर राहिली, मग नखाएवढी, आणि मग संपली. दोघांची नाकं एकमेकांना टेकली होती. मान कुणीच वर नेली नाही. दोघं आपापला घास चावत होते.

"आई," गौरी कुजबुजली, "आण्णा खातोय."

तिनं वस्तादांकडं बघितलं. "आजोबा, कोण जिंकलं?"

वस्तादांचा हात मांडीकडं गेला. हात तिथंच थांबला, मग हळूच खाली आला आणि चादरीवर टेकला.

"बरोबरीत," वस्ताद म्हणाले.