आकडा निवेपर्यंत

बंदरावरच्या जहाज-नोंदणी कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीला पाठ करून बसणाऱ्या बाईंना सगळे मागून ‘नऊआकडी’ म्हणत. तोंडावर म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. हे नाव कोणी ठेवले ते बाईंना ठाऊक होते. ते त्यांच्या सख्ख्या दिराने ठेवले होते, आणि हा दीर खाडीपलीकडे माणसे नेणाऱ्या फेरीबोटीचा कप्तान होता.

नावात तथ्य होते. हल्ली प्रत्येक जहाजावर एक लहानसे यंत्र असते. कोणी विचारो न विचारो, दर काही सेकंदांनी ते आपला नऊ आकडी क्रमांक, आपली जागा, दिशा आणि वेग रेडिओवरून सांगत राहते. आसपासची जहाजे आणि किनाऱ्यावरचा नियंत्रण मनोरा ते ऐकतात, आणि पडद्यावर एकेक त्रिकोण उमटतो. क्रमांकाचे पहिले तीन आकडे देशाचे, उरलेले सहा जहाजाचे. जगात कोणत्याही दोन जहाजांचा क्रमांक एक असता कामा नये, एवढीच अट. पण ती पाळली जावी म्हणून प्रत्येक देशात कुठे ना कुठे एका टेबलाशी कोणीतरी रोज बसून वही लिहावी लागते. या देशात ते टेबल बाईंचे होते.

जहाज परदेशी विकले गेले की त्याचा देश बदलतो, म्हणून क्रमांकही बदलतो, आणि जुना रिकामा होतो. आकडे काही अमाप नसतात; रिकामा झालेला पुढे कोणाला तरी द्यावा लागतो. मात्र त्याआधी दोन वर्षे तो तसाच ठेवायचा, आणि नव्या देशाच्या कार्यालयाकडून ‘यंत्रातला क्रमांक बदलला’ असे पत्र आल्याखेरीज द्यायचा नाही. बाई रिकाम्या आकड्याची चिठ्ठी करून खिडकीशेजारच्या खिळ्याला अडकवत आणि घाई करणाऱ्याला सांगत, “अजून निवला नाही. तापल्या तव्याला हात लावाल का?”

घरीही हाच खाक्या. फोन नंबर सांगताना तीन-तीन आकड्यांनी सांगायचा, ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचा. यजमान शाळामास्तर होते. ते म्हणत, “लग्नाच्या वेळी हिनं माझंही नाव दोनदा विचारून घेतलं होतं. दुसऱ्याला दिलेलं नाही ना, म्हणून.” बाई या थट्टेला हसत, पण पुढच्या वेळी नंबर पुन्हा तीन-तीन आकड्यांनीच सांगत. नोकरीच्या पहिल्या सहा वर्षांत त्या टेलिफोनवर बसलेल्या होत्या. चुकीच्या घरी लागलेल्या एका फोनमुळे कोणाच्या तरी आजारपणाची बातमी एक दिवस उशिरा पोहोचली, ती गोष्ट त्यांनी कोणाला फारशी सांगितली नाही, पण विसरल्याही नाहीत.

अशा बाईंच्या सव्वीस वर्षांच्या वहीत एक खोटी ओळ होती.

ती एका धुक्याच्या सकाळी, अकराच्या सुमारास वर आली. नियंत्रण मनोऱ्यावरच्या अधिकाऱ्याचा फोन होता. तो हसत होता.

“बाई, तुमच्या भावजींची बोट उडायला लागली की काय? आत्ता धक्क्याला होती, आत्ता तीस मैल बाहेर समुद्रात, आणि परत धक्क्याला!”

“क्रमांक सांगा.”

“अहो, यंत्र बिघडलं असेल. गंमत म्हणून…”

“क्रमांक सांगा. तीन-तीन आकड्यांनी.”

त्याने सांगितला. बाईंनी वही उघडली. हा क्रमांक पूर्वी एका मालवाहू जहाजाचा होता. पाच वर्षांपूर्वी ते परदेशी विकले गेले, आणि अडीच वर्षांपूर्वी त्याचा क्रमांक नव्या फेरीबोटीला दिला गेला. शेरा बाईंच्याच अक्षरात होता: ‘पत्र प्राप्त.’ त्यांनी फाइल काढली. पत्र नव्हते. ते नसणार हे फाइल उघडण्याआधीच त्यांना माहीत होते.

अडीच वर्षांपूर्वीची ती दुपार त्यांना लख्ख आठवली. नव्या बोटीची पहिली फेरी जाहीर झालेली, हातात फॉर्म घेतलेले भावजी टेबलाशी उभे. “वहिनी, परवा बोट सुटायची आहे. घरच्या माणसालाही खिळ्याला टांगणार का?” बाईंनी पलीकडच्या देशातल्या कार्यालयाला फोन लावला होता. तिथे त्यांच्यासारखेच काम करणारे एक गृहस्थ होते. दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते, पण पंधरा वर्षांच्या पत्रव्यवहारात एकाने दुसऱ्याला कधी खाली पाहायला लावले नव्हते. “काम झालं आहे, पत्र निघतंय,” असे ते म्हणाले, आणि त्या शब्दावर बाईंनी ‘प्राप्त’ असे लिहिले. पत्र आले नाही. पुढे तेही विसरले, बाईंनीही आठवण केली नाही. ते जहाज इतकी वर्षे दूरच्या समुद्रात फिरत होते आणि फेरीबोट खाडीत. दोघांना ऐकणारे कान वेगळे, म्हणून कोणाला काही कळले नाही. आज ते जहाज या बंदराकडे निघाले होते. दोन वाजता ते खाडीच्या तोंडाशी येणार होते, आणि दोनलाच फेरीबोट पलीकडे सुटणार होती.

पडद्यावरचा त्रिकोण उड्या मारतो, हा त्यातला भयंकर भाग नव्हता. स्वतःच्याच क्रमांकाचा संदेश कानावर आला की यंत्र तो आपलाच समजून सोडून देते. समुद्रावरच्या सगळ्या जहाजांत नेमकी ही दोनच एकमेकांना दिसणार नव्हती. रडारवर एक ठिपका दिसला असता, बिननावाचा. आणि धुक्यातल्या खाडीत असे ठिपके उदंड असतात.

बाई वही घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या आणि एकाच आकड्याने बोलणाऱ्या दोन जहाजांचे त्यांना सांगितले.

“साहेब, फेरीबोटीचा क्रमांक मागे घेते आहे. आत्ता.”

“का? आकडा बदलला नाही त्या जहाजानं. त्यांना पत्र टाका.”

“पत्राला चार दिवस लागतात. जहाज दोनला येतंय. आणि चूक त्यांच्या एकट्यांची नाही. आपल्याकडं त्यांचं पत्र नाही.”

“वहीत तर ‘प्राप्त’ आहे.”

“ते मी लिहिलंय. पत्र आलं नव्हतं.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. “बाई, पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. या खुर्चीसाठी एकच नाव वर पाठवलंय, तुम्हाला माहीत आहे. कारणाच्या रकान्यात ‘तांत्रिक अडचण’ लिहा. ते काही खोटं नाही.”

“खोटं नाही, साहेब. पण तांत्रिक अडचणीला मनोरा बोट थांबवत नाही, ‘जपून जा’ म्हणतो. आणि आमचा आकडा रीतसर आहे असं मी पलीकडे सांगितलं, तर ते आधी भांडतील आणि मग बघतील. तेवढा वेळ नाही आपल्याकडं.”

क्रमांक मागे घेण्याचा अधिकार बाईंच्या सहीचा होता. त्यांनी तिथेच उभ्याने फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात लिहिले: ‘आवश्यक पत्र न येता मी क्रमांक दिला.’ ‘मी’ हा शब्द सरकारी फॉर्मवर सहसा कोणी लिहीत नाही. तिथे ‘दिला गेला’, ‘घडले’, ‘निदर्शनास आले’ अशी कर्ता नसलेली क्रियापदे नांदतात, आणि त्यांच्या आडोशाला माणसे सुखाने निवृत्त होतात. बाईंना तो आडोसा दिसला नाही असे नाही. त्यांनी तो घेतला नाही.

फॉर्म मनोऱ्याकडे गेला आणि पाच मिनिटांत भावजींचा फोन आला.

“वहिनी, हे काय मांडलंय? दोनच्या फेरीला धक्क्यावर आत्तापासून शंभर माणसं उभी आहेत. माझी एक फेरी आजवर चुकलेली नाही!”

“आज चुकू द्या, भावजी.”

“धुक्याचं मला सांगता? ही खाडी मी डोळे मिटून पार करतो.”

“तुम्ही कराल. पण आज समोरूनही एकजण डोळे मिटूनच येतोय. तुमच्या यंत्राला तो दिसणार नाही, त्याच्या यंत्राला तुम्ही दिसणार नाही. दोघांचा आकडा एक आहे.”

“असा कसा एक? चूक कोणाची?”

“माझी.”

फोनवर धक्क्यावरचा गलका ऐकू येत होता. कोणीतरी कप्तानाच्या नावाने खडे फोडत होते.

“बरं,” भावजी म्हणाले. “दोरखंड बांधून ठेवतो. शिव्या मी खातो.”

मग बाईंनी पलीकडे फोन लावला. त्या गृहस्थांशी बोलायची भाषा दोघांचीही मोडकी होती, म्हणून त्यात आडवळण घ्यायची सोय नव्हती. बाईंनी आपली चूक आधी सांगितली. पलीकडे वहीची पाने उलटल्याचा आवाज आला.

“मीही ‘बदलला’ असंच लिहिलंय,” ते म्हणाले. “यंत्र बसवणाऱ्या कारागिराच्या शब्दावर. तुम्ही फोन ठेवू नका.”

त्यांनी दुसऱ्या फोनवरून जहाजाच्या मालकांना गाठले, मालकांनी जहाजाला. वीस मिनिटांत उलगडा झाला. यंत्रातला क्रमांक बदलायला एक गुप्त शब्द लागतो. तो जुन्या मालकाच्या कारागिराकडेच राहिला होता. नव्या कारागिराने वाट पाहिली, कंटाळला, आणि नवा क्रमांक एका कागदावर सुबक अक्षरात लिहून यंत्राच्या डोक्यावर चिकटवून गेला. जवळजवळ पाच वर्षे खलाशी तो कागद वाचत होते आणि आत यंत्र आपला जुनाच आकडा सांगत होते.

जहाजाने यंत्र बंद केले. वेग कमी करून, भोंगा देत, दर पाच मिनिटांनी रेडिओवर आपले ठिकाण तोंडाने सांगत ते आत आले. दोन वाजून दहा मिनिटांनी त्याने फेरीबोटीची नेहमीची वाट ओलांडली. वाट मोकळी होती. धक्क्यावरच्या माणसांना धुक्यातून एक मोठी सावली सरकताना दिसली, एवढेच. आणि ती माणसे उशीर झाला म्हणून पुटपुटत राहिली.

संध्याकाळी बाईंनी वहीतली जुनी ओळ खोडली नाही. खोडलेले वाचता येत नाही, आणि पुढच्या माणसाला ते वाचता आले पाहिजे. तिच्याखाली त्यांनी लिहिले: ‘पत्र प्राप्त झाले नव्हते,’ सही केली आणि तारीख घातली.

ताकीद आली, ती त्यांच्या सेवापुस्तकात चिकटवली गेली. साहेबांच्या खुर्चीवर मुख्य कार्यालयातून दुसरे गृहस्थ आले. बाई खिडकीला पाठ करून त्याच टेबलाशी राहिल्या. मात्र त्यांनी आणि पलीकडच्या गृहस्थांनी मिळून एक साधा नियम लिहून काढला: कोणाच्या शब्दावर जायचे नाही, कारागिराच्याही नाही आणि एकमेकांच्याही नाही, नवा क्रमांक यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर उमटल्याचा फोटो आल्याखेरीज जुना सोडायचा नाही. वर्षाच्या आत आणखी चार देशांच्या टेबलांनी तो मागवून घेतला. मसुद्याखाली दोघांनी आपापली चूक उदाहरण म्हणून दिली होती.

फेरीबोट आठ दिवस धक्क्याला बांधलेली होती, तिच्या जागी जुनीच बोट चालत होती. आठव्या दिवशी भावजी कार्यालयात आले. रांगेत तिघे होते, ते चौथे उभे राहिले. टेबलाशी आल्यावर त्यांनी फॉर्म पुढे केला आणि हळूच म्हणाले, “वहिनी, तेव्हा घाई माझी होती.”

“घाई तुमची होती, भावजी. सही माझी होती.”

बाई उठल्या, खिडकीशेजारच्या खिळ्यावरून एक चिठ्ठी काढली आणि तिची फाइल उघडून त्यांच्यासमोर ठेवली. आत पत्र होते, पत्रामागे फोटो होता.

“वाचा. मोठ्यानं.”

भावजींनी मागे उभ्या असलेल्या माणसांकडे एकदा पाहिले. मग खाली मान घालून, शाळेतल्या मुलासारखे, त्यांनी आकडे वाचायला सुरुवात केली. तीन, मग तीन, मग तीन.