तीन बोटांची खिट्टी

धनुष्यबाण सोडून दे, असं सरांनी मला सांगितलं तेव्हा माझ्या उजव्या हाताचे टाकेही निघाले नव्हते. सर म्हणजे अमरावतीच्या मैदानावरचे आमचे प्रशिक्षक. मी सहावीत असताना त्यांनीच माझ्या हातात बांबूचं धनुष्य दिलं होतं. दवाखान्यात आले, स्टुलावर बसले, पिशवीतून मोसंबी काढली आणि म्हणाले, "आता तू पोरींले शिकव. तुह्या नजरेची गरज हाय मैदानाले." माझं डोकं असं फिरलं की मी मोसंबी पिशवीत भरून पिशवी त्यांच्या हातात परत दिली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बोटं गेली ती भावाच्या पिठाच्या गिरणीत. पट्टा चाकावरून घसरला तर आमच्याकडे मोटार कोणी बंद करत नाही. लाकडानं नाही तर सरळ हातानं, फिरत्या चाकावरच पट्टा चढवतात. शाळेत असल्यापासून मी तो शेकडो वेळा चढवला असेल, आणि बंद करून चढवणाऱ्याला आम्ही हसायचो. त्या दिवशी तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. दोष गिरणीचा नाही, नशिबाचाही नाही. चूक माझी होती आणि ती मी कबूल करते.

पण तिरंदाजाला नेमकी हीच बोटं लागतात. दोरी तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका या तिन्हींत धरायची असते. त्यातली दोन गेली. मी अकोल्याला एका सरकारी कचेरीत कामाला. तिथे सगळे माझ्याशी इतकं गोड वागायला लागले की जीव नकोसा झाला. साधी फाइल उचलायला गेले तरी कोणी तरी धावायचं. रोज कोणी ना कोणी म्हणायचं, निदान जीव तर वाचला. मी म्हणायचे, हो ना. आणि मनात ठरवून टाकलं होतं की अमरावती जिल्ह्याच्या निवडीत परत उतरायचं, तेही खुल्या गटात, सगळ्यांच्या बरोबरीनं.

बांबू संपला होता, आता उरलं कंपाउंड धनुष्य. आम्ही बांबूवाले त्याला नाक मुरडून मशीन म्हणायचो. त्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात, आणि ती गोल नसून एका अंगानं फुगीर असतात. ओढायला लागलं की आधी चांगलं जड जातं, मग ते फुगीर अंग फिरतं आणि ओझं एकदम उतरतं. नेम धरून उभं असताना हातावर पाव हिस्साच वजन राहतं. दोरीत एक बारीक भोक असतं, पुढे भिंग असतं, आणि धनुष्य थरथरू नये म्हणून समोर लांब दांडी निघालेली असते. हे सगळं ज्यानं कोणी शोधून काढलं त्याला मी आयुष्यभर नावं ठेवली होती. आता त्याच्या पाया पडायला तयार होते, कारण या धनुष्याची दोरी बोटांनी धरायचीच नसते. मुठीत मावणारं एक लोखंडी यंत्र ती धरतं, त्याला रिलीज म्हणतात. खटका दाबला की दोरी सुटते.

अडचण एवढीच की बाजारात मिळणारा प्रत्येक रिलीज धडधाकट पंजासाठी बनवलेला. एकाचा खटका तर्जनीखाली, दुसरा धरायला तर्जनी आणि मधलं बोट पाहिजे. माझ्यासारख्या हाताचा विचार कोणी केलाच नव्हता. मी नियम वाचून काढले. घरी बनवलेला रिलीज चालतो, फक्त त्यात बॅटरी नको आणि तो धनुष्याला जोडलेला नको. मग एका शनिवारी कचेरीतल्या पाकिटाच्या पाठीवर चित्र काढलं आणि एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडे गेले. साठीचा माणूस, कापसाच्या जिनिंगच्या आणि दालमिलच्या मशीनचे सुटे भाग बनवणारा.

त्यांनी माझा हात आपल्या हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. कीव वगैरे काही नाही, एखादा भाग मोजायला आल्यासारखं पाहिलं. मग म्हणाले, "ताई, करंगळीत जोर किती हाय?" त्या प्रश्नानं मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

पंधरा दिवसांत रिलीज तयार झाला. अनामिका आणि करंगळीत बसेल अशी मूठ, अंगठ्याखाली खटका, आणि ओढताना सगळं वजन मनगटावर यावं म्हणून चामड्याचा पट्टा. पट्टा बसस्टँडजवळच्या चांभारकाकांकडून शिवून घेतला. दर रविवारी मी विकत घेतलेलं कंपाउंड धनुष्य घेऊन एसटीनं अमरावतीला जायला लागले. कंडक्टर धनुष्याची लांब पेटी पाहून विचारायचा, "बाजा हाय का मॅडम?" मी हो म्हणायचे. वाद कोण घालेल.

बाण मात्र कुठेही जायचे. एक वर, एक डावीकडे, एक नुसताच गवतात. खटका दाबायला अंगठा असा जोरात मारावा लागायचा की हात हलायचाच. दोन महिने मी स्वतःलाच शिव्या घातल्या. वाटलं, सर खरं बोलत होते, संपलं आपलं. सर मैदानाच्या त्या टोकाला पोरींना शिकवत असायचे, माझ्याकडे बघायचे आणि मान फिरवायचे. ते बघणं मला बाणापेक्षा जास्त लागायचं.

एका रविवारी भिंगाऐवजी रिलीजकडे लक्ष देऊन पाहिलं. हळूहळू खटका दाबत गेले. दाबतेय, दाबतेय, आणि दोरी अडवून धरणारी आतली खिट्टी हलायलाच तयार नाही. तेव्हा उजेड पडला. सोमवारी कचेरी सुटल्याबरोबर तशीच मिस्त्रींकडे गेले आणि रिलीज त्यांच्या लेथवर आपटला. "हे सुटत काहून नाही?"

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "सुटू नाई म्हणूनच तं बनवलं. मी आजलोक जेवढ्या खिट्ट्या बनवल्या, त्या धरून ठेवाच्या. जिनात खिट्टी सुटली तं माणसाचा हात जाते. तुमचा हात पाह्यला अन् मी खिट्टी दोन सूत अजून खोल घेतली."

माझ्याच हातामुळे त्यांनी ती चूक केली होती. चिडायला आले होते, आणि आता चिडू कोणावर? मी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, "भाऊ, मले धरून ठेवणारी नको. मले अशी पाह्यजे का मलेच कळू नाई कवा सुटली." हे त्यांना पटेना. चांगला तिरंदाज दोरी सोडत नाही, ती त्याच्या नकळत सुटते, मुद्दाम सोडली की बाण हलतो, हे मी त्यांना चहाच्या दोन कपांत समजावलं. त्यांनी मान हलवली. "बाप्पा, आमच्या धंद्यात अशा माणसाले घरी पाठवते."

पण त्यांनी खिट्टी घासली. जरा जास्तच घासली. पुढच्या रविवारी दोरी अर्धी ओढली असतानाच सुटली, माझी मूठ माझ्याच तोंडावर आदळली, ओठ फुटला आणि बाण भिंतीपलीकडच्या निंबाच्या झाडात गेला. सर धावत आले. त्यांच्या रुमालानं मी रक्त पुसलं. ते म्हणाले, "बस झालं पोरी. काहून जिवावर उठली?" मी त्यांना म्हटलं, "रुमाल धुवून देतो सर," आणि उरलेले पाच बाण मारले. आता लिहिताना ते फार शूर वाटतं. तेव्हा तोंडात रक्ताची चव होती, एवढंच.

माझा ओठ पाहून मिस्त्रींचा चेहरा पडला. त्या दिवशी त्यांनी दुसरं काम घेतलंच नाही. कितीदा घासायचं, कितीदा चुकायचं, असं पुटपुटत त्यांनी खिट्टीच्या पोटात एक बारीक स्क्रू बसवला. आत घेतला की पकड खोल, बाहेर काढला की हलकी. "आता माही अक्कल नको अन् तुमचा राग नको," ते म्हणाले, "तुमीच फिरवून पाहा." मी तो स्क्रू पावसाळाभर फिरवला. पाव फेरा आत, अर्धा फेरा बाहेर, वहीत नोंद, पुन्हा रविवार. दिवाळीच्या सुमारास दोरी खरोखर माझ्या नकळत सुटली. बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यात होता. मी मैदानावर एकटीच रडले, आणि मग तसेच अजून तीस मारले.

निवडीच्या दिवशी आमच्याच मैदानावर साधनं तपासणाऱ्या पंचांनी माझा रिलीज हातात घेतला, फिरवून पाहिला, खटका तीनदा दाबला. "कुठून घेतला?" मी म्हटलं, अकोल्याहून. त्यांनी ठीक आहे म्हणून पुढे ढकलला.

बहात्तर बाण. चौघींची निवड होणार होती. शेवटच्या बाणाला मी दोरी ओढली, नेम लागला, पण ती सुटेना. अंगठा मारायची अशी इच्छा झाली की विचारू नका. मी दोरी परत आणली, हात खाली घेतला. घड्याळात वीस सेकंद होते. श्वास घेतला, पुन्हा ओढलं, पाठ आवळत नेली आणि ती सुटली. बाण नऊ आणि दहाच्या रेषेवर. पंच भिंग घेऊन वाकले, बराच वेळ वाकूनच राहिले, आणि म्हणाले, "रेषेला लागला आहे. दहा."

त्या एका गुणानं मी चौथी आले. पाचवी आली अचलपूरची एकोणीस वर्षांची पोरगी, सरांचीच शिष्या. ती आपल्या पेटीजवळ बसून ओंजळीत तोंड घालून रडत होती.

सरांनी मला मांडवाच्या बाजूला नेलं. त्यांचे डोळे भरलेले होते, ते खोटं नव्हतं. "मी चुकलो पोरी. तुनं साऱ्यांले दाखवून देल्लं. आता एक आयक. त्या पोरीले जागा दे. तिचं वय हाय, खेळाच्या भरवशावर नोकरी लागंल तिले. तुले तं नोकरी हाय. तुहं जे सिद्ध कराचं होतं ते झालं."

मला त्या पोरीचं वाईट वाटलं. मनापासून वाटलं. मीही तिच्याच वयाची असताना याच मैदानावर एका गुणानं मागे राहिले होते, तेव्हा माझ्यासाठी कोणी कोणाकडे जागा मागितली नव्हती. पण मला बोचलं ते वेगळंच होतं.

मी म्हटलं, "सर, माह्या जागी दहा बोटांची बाई राह्यली असती, तं तिले मांगली असती का तुमी जागा?"

मी मांडवातल्या टेबलाकडे वळले.

टेबलावर निवडीची यादी होती, जागा मान्य असेल तर नावापुढे सही करायची होती. ती पोरगी आता रडायची थांबून माझ्याकडेच बघत होती. मी पेन अंगठा आणि अनामिकेत धरलं आणि तिच्या देखत सही केली.