साडेसहा व्होल्ट

माझी मावशी जगातल्या बहुतेक सगळ्या गोष्टींना घाबरते, आणि पोटापाण्यासाठी धंदा निवडला तो मात्र विजेचा. गिटार आणि स्पीकर यांच्यामध्ये पायाने दाबायची एक डबी असते. आवाज फाडणारी, घुमवणारी. तिला पेडल म्हणतात, आणि मावशी पेडलं दुरुस्त करते. घरातल्या पुढच्या खोलीत एक टेबल, व्होल्ट मोजायचा एक मीटर, एक जुनी गिटार, एवढाच पसारा. कुणी पेडलमध्ये पिन खुपसायला गेलं की ही ओरडते, ‘‘थांबा, थांबा!’’ गिऱ्हाइकं तिला थांबामावशीच म्हणतात.

भीतीला कारण आहे म्हणा. पहिल्याच वर्षी तिने नऊ व्होल्टच्या पेडलला अठराचा अडॅप्टर लावला होता. काही पेडलं अठरावर आणखी मोकळी, खणखणीत वाजतात. हे वाजलं नाही. आत टप् झालं, जळका वास आला आणि खेळ खलास. तेव्हापासून आकडा तीनदा वाचल्याशिवाय ती काही जोडत नाही. मी हसते, तिला हसू येत नाही.

एका सकाळी चष्म्याच्या दुकानाचे काका बंद पडलेलं लाल पेडल घेऊन आले.

‘‘दादाचं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘त्याला जाऊन पाच वर्षं झाली. तो वाजवायचा तो आवाज आता फक्त यातच उरलाय. जपून करा.’’

जपून करा म्हटल्यावर मावशीची भूकच मेली. निखळली होती फक्त एक तार. ती तिने जोडली आणि जाता जाता, काळजीपोटीच, जुनी बॅटरी काढून नवी कोरी घातली. जुनी गेली टेबलाखालच्या मेलेल्या बॅटऱ्यांच्या डब्यात.

दुसऱ्या दिवशी काकांनी एक सूर छेडला. आवाज आला मोठा, स्वच्छ, धारदार. काकांचा चेहरा उतरला.

‘‘हा नाही. हा दादाचा नाही. काय बदललंत तुम्ही?’’

मावशीची पाचावर धारण बसली. ‘‘काही नाही हो... तार जोडली. आणि बॅटरी...’’ बोलता बोलताच तिच्या ध्यानात आलं. बॅटरी उतरत गेली की असल्या पेडलचा आवाज मऊ होतो, जरा दबतो, शेवटाला खरखरतो. काकांना हवा होता तो हा उतरलेल्या बॅटरीचा आवाज, आणि तीच बॅटरी हिने फेकली होती.

तिने डबा उपडा केला. तीसेक बॅटऱ्या, सगळ्या एकाच छापाच्या. ती एकेकीला मीटर लावू लागली. सात, पाच, सहा, परत सात. यातली काकांची कुठली?

‘‘कुठलीही दे,’’ मी तिच्या कानात म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझी मलाच लाज वाटली.

‘‘काका, बॅटरी मी फेकली. आता ती ओळखू येत नाही,’’ ती म्हणाली.

मग तिने भिंतीच्या विजेवर चालणारा, व्होल्ट कमीजास्त करायचा आपला बटणवाला सप्लाय पेडलला जोडला. आकडा तीनदा वाचला. नऊ.

‘‘डोळे मिटून वाजवत राहा. मी हळूहळू उतरवते.’’

साडेआठ. आठ. काका मान हलवत होते, नाही, नाही. सात. मावशीच्या कपाळावरून घाम ओघळत होता. खाली गेलो आणि तिथेही तो आवाज नसला तर? पावणेसात. साडेसहा.

‘‘थांबा, थांबा!’’ काका ओरडले.

सूर मऊ झाला होता, कडेला जरासा फाटलेला. काकांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

‘‘त्याने घातलेली बॅटरी होती ती,’’ ते म्हणाले. ‘‘बदलायची भीती वाटायची. आणि संपेल म्हणून आठवड्याला पाचच मिनिटं वाजवायचो.’’

‘‘आता नाही संपणार,’’ मावशी म्हणाली.

काका तासभर वाजवत बसले. मावशीने तेवढा वेळ ते बटण दोन बोटांत घट्ट धरून ठेवलं होतं. ते आपोआप फिरत नाही, मी तिला दोनदा सांगितलं. तिने काही सोडलं नाही.