चुन्यातला अंगठा

"लिंबूऽऽ घ्या लिंबूऽऽ. रसानं फुटून राहिले. हात लावाल तं शर्ट धुवा लागन. कागदी लिंबूऽऽ..."

गल्लीत कुणीतरी असं कोकलत होतं की माझ्या हातातला पेचकस थरथरला. भर मे महिन्याची दुपार, अमरावतीतलं घर, खिडकीत घरघरणारा कूलर, आणि मी मावशींच्या बैठकीत त्यांच्या कॉम्प्युटरचा डबा उताणा पाडून बसलेला.

"कोन हो हा, मावशी? गळा हाय का भोंगा?"

मावशी दारात कपबशी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी रस्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आमचे हे," म्हणाल्या.

हे म्हणजे काका. काका दिवाळीच्या तोंडावर वारले होते. खांदा द्यायला मी स्वतः होतो, आणि काकांचं वजन काही विसरण्यासारखं नव्हतं.

तर सांगतो. या मावशी माझ्या आईची बालमैत्रीण, आणि काकांचा धंदाच आवाजाचा. भाजीवाले, फळवाले, भंगारवाले आता घसा फोडत नाहीत; गाडीला भोंगा लावतात आणि त्यात कुणाची तरी आरोळी भरून आणतात. अर्ध्या अमरावतीच्या गाड्यांत काकांची आरोळी होती. परतवाड्याचे संत्रेवालेसुद्धा त्यांच्याकडूनच भरून न्यायचे. काकांनी गुरुकुंज मोझरीच्या फाट्यावर उभं राहून 'भेंडी घ्या' म्हटलं, की तिकडे अकोल्यात माझी बायको पिशवी शोधायला लागायची. माणूस गेला, पण आवाज रोज दुपारी याच गल्लीतून लिंबं विकत फिरत होता. भोंग्याच्या खरखरीत मी तो ओळखला नव्हता; आता ओळखला, आणि कूलरसमोर, घामाच्या धारांत, अंगावर काटा आला. मावशींना सवय झालेली. गाडी कोपऱ्यावर वळली, आवाज बारीक झाला, आणि त्यांनी चहा माझ्यापुढे ठेवला.

त्यांचा मला फोन आला होता तोच असा, "बाबू, तुझे काका बोलता बोलता बंद पडून राहिले. येऊन जाय एकडाव."

असा निरोप आल्यावर कोणता शहाणा माणूस घरी बसेल? कोणताही बसेल. मी निघालो. अकोल्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि तापलेल्या मशीनबद्दल मला कुणी शिकवू नये. आमच्याकडे मे महिन्यात रस्त्यावर राहिलेली चप्पल उचलायला सांडशी लागते. मशीनला लावायच्या पेस्टच्या ट्यूबा मी दुकानातल्या माठाला टेकवून ठेवतो, नाहीतर त्या झाकण उघडायच्या आधीच गिऱ्हाइकाकडे चालत जातात.

डबा उघडायच्या आधी मावशींनी मला रोग दाखवला होता. लिंबाची तीच आरोळी कॉम्प्युटरमध्ये अख्खी होती, न कापलेली. गाडीवर जाते ती फक्त आरोळी. इथे आरोळी संपल्यावर काका खाकरतात, खुर्ची करकरते, ते घराच्या आतल्या बाजूला तोंड वळवतात आणि म्हणतात, "अन् ऐक गं..."

तिथेच पडदा काळा. आतला पंखा जिना चढून आलेल्या म्हाताऱ्यासारखा धापा टाकतो आणि गप्प होतो. पुन्हा लावा, पुन्हा तेच. शब्द तोच, जागा तीच. आणि मशीन तापू लागलं की बैठकीत तंबाखूचा वास येई. त्या घरात आता तंबाखू खाणारं कुणीच नव्हतं.

दिवाळीपासून ही बाई रोज दुपारी काकांच्या त्या खुर्चीसमोर बसत होती. तिला आणखी काही नको होतं. पुढचं वाक्य हवं होतं.

"मावशी, सोपं हाय," मी म्हटलं. "याची डिस्क काढतो, माझ्या लॅपटॉपले लावतो, आत्ता ऐकवतो."

"नाई."

"काहून?"

"त्याईनं मले इथून हाक मारली. मी इथूनच ऐकन. तुह्या डब्यातून कायले बोलतीन ते?"

याचं उत्तर कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. मग मशीनच बरं करणं आलं, आणि म्हणून मी पेचकस काढला होता.

कॉम्प्युटरचं डोकं म्हणजे प्रोसेसर. त्याच्या डोक्यावर पंख्याचा जाड पत्रा बसतो, उष्णता ओढून घ्यायला. दोन्ही कितीही गुळगुळीत असले तरी मध्ये केसासारखी फट राहते, आणि ती बुजवायला पेस्ट लावतात. पेस्ट सुकली की डोकं तापतं, आणि जीव वाचवायला मशीन आपणहून डोळे मिटतं. साधी गोष्ट आहे. असं मी मावशींना मोठ्याने समजावून सांगितलं, कारण मलाच ते ऐकायची गरज होती.

पत्र्याचे स्क्रू सोडले. एका कोपऱ्याचा स्क्रू नीट बसलेलाच नव्हता. पत्रा तिथे वाकडा, अधांतरी. उचलला, आणि पेस्टच्या जागी पांढरंफटक काहीतरी, उन्हाळ्यातल्या रानासारखं भेगाळलेलं. नाक जवळ नेलं.

"मावशी, हा तं चुना हाय. खाण्याचा."

"व्हय," मावशी म्हणाल्या. "पंखा पुसाले त्याईनंच खोलला होता. म्हने आतली पेस्ट सुकली, आणाले कोन जाईन, हे बी पांढरं अन् ट्यूबमधलंच हाय. लावला. उरला तो तंबाखूत घोटला अन् तोंडात टाकला."

काका खर्ऱ्याचे, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याच्या घोट्याचे, भक्त. दुसऱ्या कुठल्या गावात माणसानं टूथपेस्ट लावली असती; वऱ्हाडातल्या माणसाचा हात चुन्यावरच जायचा. वासाचंही कोडं सुटलं. तंबाखूचं बोट, चुन्याची ट्यूब, वर तापता पत्रा, वास येणारच. मी हसलो. चांगलं खदखदून हसलो, आणि हसता हसता बॅटरीचा उजेड खाली धरला.

ज्या कोपऱ्यात पत्रा टेकलाच नव्हता, त्या कोपऱ्यात चुन्यात अंगठा उमटला होता.

रेघ न् रेघ. आत्ताच कुणी दाबून हात काढून घेतल्यासारखा. मधून एक तिरपा चरा गेलेला.  गोष्ट सांगताना मी कुणाच्याही अंगणात भूत उभं करून दाखवीन, पण ते मी उभं केलेलं असतं. हे माझं नव्हतं.

मावशी वाकल्या. चष्मा नव्हता, तरी त्यांना दिसलं.

"अडकित्ता लागला होता," त्या म्हणाल्या. "सुपारी कातरताना."

मग मी बडबडू लागलो. मी दोन ट्यूबा आणल्या आहेत, एक पांढरी, एक करडी. पांढरी आपल्या उन्हात एका वर्षात खडू होते, करडी टिकते, करडीच घेऊ. आणखी एक पातळ धातूची येते, पण ती ॲल्युमिनियमचा पत्रा खाते, तिला घरात घेऊ नये. मी असं बोलत राहिलो, कारण खरी गोष्ट सांगायला जीभ वळत नव्हती. शेवटी सांगितली.

"मावशी, कोणतीही लावली तरी आधी हे पुसावं लागन. याच्यावर लावता येत नाही."

म्हणजे आवाज हवा तर अंगठा जाणार. अंगठा ठेवायचा तर काका "अन् ऐक गं"पाशी कायमचे थांबणार.

 कूलर घरघरत होता. मावशींनी आपला अंगठा त्या अंगठ्याकडे नेला, आणि त्याच वेळी लिंबाची गाडी गल्लीच्या दुसऱ्या तोंडाने परत आली.

"...हात लावाल तं शर्ट धुवा लागन."

मावशींचा हात थांबला. गाडी खिडकीखालून गेली, सावकाश, आमच्या दोघांच्या मधून गेल्यासारखी. आवाज पार विरला तेव्हा त्यांनी अंगठा टेकवला. दाबला नाही, नुसता टेकवला. चुना भुरभुरला आणि त्यांच्या अंगठ्यावर आला. त्यांनी तो पदराला पुसला आणि त्या पदराला गाठ मारली.

"पूस आता," म्हणाल्या.

मी स्पिरिटमध्ये धोतराचा जुना तुकडा भिजवला आणि प्रोसेसर आरशासारखा होईपर्यंत पुसला. मधोमध करड्या पेस्टचा एकच थेंब ठेवला, तुरीच्या दाण्याएवढा. बोटानं पसरवायची नसते. पत्र्याच्या भारानं ती स्वतः पसरते. आज तर बोट लावायची माझी छातीच नव्हती. पत्रा सरळ उतरवला, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळले, डबा उभा केला, बटण दाबलं.

पंखा शांत फिरू लागला. निजलेल्या माणसाच्या श्वासासारखा. तंबाखूचा वास आला नाही, आणि खरं सांगतो, मला त्याची चुटपुट लागली.

मावशी खुर्चीसमोर बसल्या. खुर्चीत नाही, समोर. मी फाइल लावली. लिंबू झालं, शर्ट झाला, खाकरणं झालं, खुर्ची करकरली.

"अन् ऐक गं..."

पडदा काळा झाला नाही. मी मशीनकडे बघत होतो. मावशी त्या रिकाम्या खुर्चीकडे. आतमध्ये काका श्वास घेत होते, तो ऐकू येत होता.

"...गॅस बंद कर. केव्हाचा जळून राहिला."

आणि संपलं. पुढे नुसती खरखर.

मावशी उठल्या. शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारल्यावर उठतात तशा, गुडघ्यावर हात देऊन. स्वयंपाकघरात गेल्या. मी तिथूनच ऐकलं, शेगडीचं बटण कट्‌ करून फिरलं. माझ्या गोष्टीतलं निम्मं तुम्ही खुशाल सोडून द्या, माझी बायकोही सोडते. तो कट्‌ तेवढा सोडू नका.

त्या परत आल्या, बसल्या. माझ्यापुढचा चहा गार झाला होता. मी विचारलं, "मावशी, गॅस खरंच चालू होता का?"

"होता," मावशी म्हणाल्या. "ते कायले खोटं बोलतीन."